पाच झेल आणि उरलेलं सगळं धावणं

जेरी राइस अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये वीस हंगाम खेळला. ३०३ सामने, १,५४९ झेल. वाइड रिसीव्हर म्हणून त्याच्या जवळपासही अजून कुणी पोहोचलेलं नाही. आता साधा भागाकार करा: सामन्याला पाच झेल. झेल घेतल्यावर बॉल फार तर तीन-चार सेकंद हातात राहतो. म्हणजे तीन तास चालणाऱ्या सामन्यात बॉल त्याच्याकडे जेमतेम वीस सेकंद. आणि हे सगळ्यात यशस्वी रिसीव्हरचं गणित झालं.

मग उरलेला वेळ तो काय करत होता?

हा प्रश्न मुळात बाबांचा. ते साताऱ्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे कॅलिफोर्नियात सनीव्हेलला आले होते आणि रविवारी दुपारी टीव्हीवर मॅच लागली होती. अर्धा तास शांतपणे बघून ते म्हणाले, "अरे, तो कडेचा पोरगा बघ. मघापासून जीव तोडून पळतोय आणि कुणी त्याच्याकडे बॉल टाकायलाच तयार नाही. रुसत कसा नाही तो?" बाबा कॉलेजात खो-खो खेळलेले. पळणाऱ्याकडे त्यांचं लक्ष आधी जातं. त्या दिवशी मी त्यांना जे तुकड्यातुकड्यांत सांगितलं, ते इथे नीट सांगतो, कारण वाइड रिसीव्हरची सगळी कारकीर्द त्यांच्या त्या प्रश्नातच आहे.

खेळ गरजेपुरता समजून घेऊ. मैदान शंभर यार्ड लांब, म्हणजे साधारण ९१ मीटर. दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा एक पट्टा, त्याला एन्ड झोन म्हणतात. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. ज्यांच्याकडे बॉल आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर बॉल समोरच्यांकडे जातो. बॉल घेऊन समोरच्या एन्ड झोनमध्ये शिरलं की टचडाउन, सहा गुण. एक प्रयत्न पाच-सहा सेकंदांत संपतो. मग सगळे थांबतात, पुढची चाल ठरते, पुन्हा रांगा लागतात. आपल्याला हा खेळ कंटाळवाणा वाटतो तो याच थांबण्यामुळे. पण खरा खेळ त्या थांब्यांतच आखला जातो, हे एकदा लक्षात आलं की बघण्याची नजर बदलते.

पुढे सरकायचे मार्ग दोन. बॉल पोटाशी धरून गर्दीत घुसायचं, नाहीतर तो हवेतून पुढे फेकायचा. फेकणारा तो क्वार्टरबॅक. ज्याच्यासाठी फेकायचा त्यांपैकी मुख्य माणूस वाइड रिसीव्हर. मधल्या धष्टपुष्ट खेळाडूंच्या झुंडीपासून लांब, कडेला एकटा उभा राहतो म्हणून वाइड. त्याच्या समोर त्याला अडवायला बहुतेक वेळा एक कॉर्नरबॅक असतो, आणि पाठीमागे मदतीला आणखी एखादा.

पुढे फेकायची मुभा १९०६ साली मिळाली. तरी कितीतरी दशकं हा खेळ घुसण्याचाच राहिला, कारण कॉर्नरबॅक रिसीव्हरला वाटेत धक्के देत, धरत, ढकलत मैदानभर नेऊ शकायचा. १९७८ साली नियम बदलला. सुरुवातीच्या रेषेपासून पाच यार्डांपर्यंतच अंगाला अंग लावून अडवायचं, पुढे नाही. या एका बदलानं रिसीव्हर मोकळा झाला. राइस सात वर्षांनी आला. त्याच्या मोठेपणात या नियमाचा वाटा आहे, हे मला प्रामाणिकपणे सांगायलाच हवं. तो दहा वर्षं आधी जन्मला असता तर हे आकडे दिसले नसते.

आता एक चाल जवळून बघू. तिचं नाव स्लॅन्ट. टीव्हीवर ती सोपी दिसते: पोरगा दोन-तीन पावलं सरळ पळतो, तिरका आत वळतो, बॉल येऊन हातात बसतो. दीड-दोन सेकंदांचं काम.

त्या दीड-दोन सेकंदांत काय काय होतं ते बघा. रिसीव्हर रेषेवर उभा आहे, एक पाय पुढे, वजन पुढच्या पायावर. कॉर्नरबॅक हाताच्या अंतरावर, गुडघे वाकवून, रिसीव्हरच्या कमरेवर नजर ठेवून. डोकं फसवतं, खांदे फसवतात, डोळे तर फसवतातच, पण कंबर जिकडे जाते तिकडेच माणूस जातो, हे त्याला माहीत असतं. बॉल मागे क्वार्टरबॅककडे गेला की रिसीव्हर सुटतो. कॉर्नरबॅकचे दोन्ही हात त्याच्या छातीवर यायला निघालेले असतात. ते एका हातानं झटकायचे, आणि झटकताना बाहेरच्या बाजूला असं निघायचं की आता हा कडेकडेनं लांब पळणार असं समोरच्याला वाटावं. कॉर्नरबॅक तिकडे अर्धं पाऊल वळला की बाहेरचा पाय जमिनीत रोवायचा आणि त्याच पायावर सगळं शरीर आत फेकायचं. वळण गोल नको, कोन हवा. गोल वळलात तर कॉर्नरबॅकला सावरायला वेळ मिळतो.

बाबा इथे मध्येच म्हणाले, "म्हणजे हूल." अगदी तेच. खांबाजवळ आल्यावर एका बाजूला झुकायचं आणि पाठलाग करणारा तिकडे कलला की दुसऱ्या बाजूनं निसटायचं. फरक इतकाच की इथे निसटून भागत नाही, ठरलेल्या क्षणी ठरलेल्या जागी पोहोचावं लागतं. कारण क्वार्टरबॅक रिसीव्हरला मोकळा बघून बॉल फेकत नाही. तो बॉल आधीच फेकतो, रिकाम्या जागेत, रिसीव्हरचा पाय रोवला जात असतानाच. रिसीव्हर मान वळवतो तेव्हा बॉल अर्ध्या वाटेत असतो. त्यानं तीन पावलांऐवजी चार टाकली तर बॉल त्याच्या पाठीमागून जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे विरोधकाच्या हातात.

मग झेल. बॉल छातीच्या वर आला तर अंगठे जुळवून, खाली आला तर करंगळ्या जुळवून. शक्यतो हातांनीच, छातीवर आदळू न देता, कारण छातीवरून उसळतो. झेल कायद्यानं पुरा व्हायलाही अटी आहेत: बॉल पक्का ताब्यात हवा आणि ताब्यात असताना दोन्ही पाय सीमारेषेच्या आत टेकलेले हवेत. म्हणून कडेला झेल घेताना रिसीव्हरचं वरचं धड मैदानाबाहेर झुकलेलं असतं आणि पायाच्या बोटांचे शेंडे आतल्या गवतावर खरडत असतात. आणि हे सगळं करताना नव्वद-शंभर किलोचा माणूस पूर्ण वेगानं आपल्यावर येऊन आदळणार आहे हे त्याला ठाऊक असतं. स्लॅन्टमध्ये तर तो मैदानाच्या मधल्या, सगळ्यात दाट भागात शिरत असतो. नजर बॉलवरून हलवून येणाऱ्या माणसाकडे गेली की झेल सुटला.

अशा धावण्याच्या वाटांना रूट म्हणतात. बऱ्याच संघांत त्यांना शून्य ते नऊ आकडे दिलेले असतात. सम आकडा म्हणजे मैदानाच्या मध्याकडे वळायचं, विषम म्हणजे कडेकडे, आणि नऊ म्हणजे नाकासमोर सरळ. पाठ करायला हे सोपं आहे. अवघड भाग पुढे आहे: समोरचा संघ माणसाला माणूस लावून खेळतोय की प्रत्येकानं मैदानाचा एकेक तुकडा राखलाय, हे धावता धावता ओळखून कित्येक रूट बदलावे लागतात. पहिल्या पद्धतीत पळत राहायचं, दुसरीत दोन राखणदारांमधल्या मोकळ्या फटीत थांबायचं. आणि तीस यार्ड मागे उभ्या क्वार्टरबॅकनं त्याच क्षणी तेच ओळखलेलं असायला हवं. दोघांनी वेगळं वाचलं तर बॉल एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. प्रेक्षकांना वाटतं, काय वेड्यासारखा फेकला.

राइस या सगळ्यापर्यंत कसा पोहोचला ती वाट मला फार आवडते. मिसिसिपी राज्यातलं क्रॉफर्ड हे अगदी लहान गाव. जन्म ऑक्टोबर १९६२. वडील गवंडी. उन्हाळ्यात पोरं वडिलांबरोबर कामावर जायची. खालून भाऊ विटा फेकायचे आणि जेरी वर उभा राहून त्या झेलायचा. गवंड्याच्या हाताखाली काम केलेल्या कुणालाही कळेल की वीट झेलताना हात ताठ ठेवून चालत नाही. येणाऱ्या वजनाबरोबर हात थोडे मागे न्यावे लागतात, नाहीतर बोटं सोलतात. पुढे त्याच्या हातांचं कौतुक झालं तेव्हा तो हीच गोष्ट सांगायचा.

फुटबॉलमध्ये तो आला तो पळून जाताना. शाळेत तास बुडवून भटकत असताना उपमुख्याध्यापकांनी मागून गाठलं आणि हा असा काही सुसाट सुटला की त्यांनी शिक्षेबरोबर फुटबॉलच्या प्रशिक्षकांनाही त्याचं नाव कळवलं.

मोठ्या विद्यापीठांनी त्याला विचारलं नाही. तो गेला मिसिसिपी व्हॅली स्टेटला, इट्टा बेना नावाच्या गावी. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेली, बेताच्या साधनांची संस्था. तिथले प्रशिक्षक आर्ची कूली मात्र काळाच्या पुढे होते. ते चार-चार रिसीव्हर एकाच बाजूला उभे करायचे, थांबून बोलणी न करता चालीमागून चाल चालवायचे. क्वार्टरबॅक होता विली टॉटन. १९८४ च्या हंगामात या संघानं सामन्याला सरासरी साठच्या आसपास गुण केले आणि राइसनं एकट्यानं २७ टचडाउन झेलले. त्याला मित्र ‘वर्ल्ड’ म्हणायचे, कारण जगात असा बॉलच नाही जो हा झेलणार नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टी नायनर्सचे मुख्य प्रशिक्षक बिल वॉल्श सामन्यासाठी ह्यूस्टनला गेले होते. रात्री हॉटेलच्या खोलीत टीव्हीवर कॉलेज सामन्यांच्या झलकी चालू होत्या, त्यांत त्यांना हा पोरगा दिसला. बाकीचे संघ घड्याळ लावून बसले होते. एनएफएलमध्ये येणाऱ्या मुलांना चाळीस यार्डांची धाव मोजून तोलतात, आणि तिथे राइस काही उठून दिसणारा नव्हता. लहान कॉलेज, दुबळे प्रतिस्पर्धी, वेग बेताचा, असा हिशेब लोकांनी मांडला. वॉल्शना मात्र दिसलं की पाठलाग करणारा कुणी याला मागून गाठत नाही. घड्याळातला वेग आणि अंगावर साज चढवून, बॉल हातात घेऊन पळतानाचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नवे खेळाडू वाटून घेण्याच्या पद्धतीला ड्राफ्ट म्हणतात. आदल्या हंगामात सगळ्यात वाईट खेळलेला संघ पहिला निवडतो, विजेता सगळ्यात शेवटी. जानेवारी १९८५ मध्ये फोर्टी नायनर्सनी अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, जिंकला होता, म्हणून त्यांची पाळी अठ्ठाविसावी. तोवर राइस राहणार नाही ही धास्ती वॉल्शना होती. त्यांनी आपले पहिल्या तीन फेऱ्यांमधले क्रमांक न्यू इंग्लंडच्या संघाला दिले आणि बदल्यात सोळावा क्रमांक आणि तिसऱ्या फेरीतला एक मिळवला. त्या दिवशी राइसच्या आधी दोन रिसीव्हर निवडले गेले होते, अल टून आणि एडी ब्राउन. ब्राउनचं नाव लक्षात ठेवा.

आणि मग पहिलं वर्ष वाईट गेलं. विटा झेलणाऱ्या हातांतून बॉल सुटायला लागले. आपल्याच मैदानावरचे प्रेक्षक त्याची हुर्यो करत होते. मला वाटतं, हाच भाग नव्या रिसीव्हरबद्दल सगळ्यात जास्त सांगतो. हात कुठे गेले नव्हते. पण वॉल्श यांची पद्धत छोट्या, वेळेशी घट्ट बांधलेल्या फेकींची होती. तिथे एकेका चालीत कुठल्या पावलावर वळायचं, कुणाला बघून रूट बदलायचा, हे सगळं डोक्यात असावं लागतं. डोकं पाठांतरात गुंतलं की नजर बॉलवर शेवटपर्यंत टिकत नाही. डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध एका रात्री काहीतरी जुळलं: दहा झेल आणि त्यांतून मिळवलेले २४१ यार्ड. पुढच्या वर्षी १,५७० यार्ड. त्याच्या पुढच्या वर्षी, खेळाडूंच्या संपामुळे त्याच्या वाट्याला फक्त बारा सामने आले असताना, २२ टचडाउन.

या बदलामागे काय होतं ते सनीव्हेलपासून गाडीनं अर्ध्या तासावर आहे. सॅन कार्लोसजवळ एजवूड पार्क म्हणून डोंगराळ जागा आहे. ओकची झाडं, वसंतात रानफुलांनी भरून जाणारे उतार, बाजूनं २८० नंबरचा हायवे. हंगाम संपल्यावर सगळे सुटीवर जात, तेव्हा राइस इथल्या चढावर अडीच मैल पळायचा, सुरुवातीला संघातल्या रॉजर क्रेगबरोबर. पुढे ही टेकडी इतकी गाजली की दुसऱ्या संघांचे खेळाडूही त्याच्याबरोबर पळायला येत आणि बरेच जण अर्ध्यात बसत. मी बाबांना तिथे घेऊन गेलो होतो. अजिंक्यतारा चढून मोठे झालेले बाबा पहिल्या मोठ्या वळणावर थांबले, कमरेवर हात ठेवून खालचा हायवे बघत राहिले आणि म्हणाले, "हे पळत?"

सरावात त्याची आणखी एक सवय होती, आणि ती मला टेकडीपेक्षा मोठी वाटते. सरावात छोटासा झेल घेऊन परत फिरायचं, पुढच्या चालीला उभं राहायचं, हे सगळेच करतात. राइस प्रत्येक झेल घेतल्यावर पूर्ण वेगानं एन्ड झोनपर्यंत पळत जायचा. प्रत्येक. वॉल्श यांच्या पद्धतीत फेक पाच-सात यार्डांचीच असायची, खरी कमाई झेलानंतरच्या धावण्यात होती. म्हणून झेल हा शेवट नसून सुरुवात आहे, हे त्यानं पायांना शिकवून ठेवलं.

बॉलशिवायच्या धावण्याचं मोल बघायचं तर २२ जानेवारी १९८९ चा सुपर बोल बघावा. मायामीत, सिनसिनाटी बेंगॉल्सविरुद्ध. समोरच्या संघात तोच एडी ब्राउन. फोर्टी नायनर्स १६-१३ नं मागे, तीन मिनिटं दहा सेकंद उरलेली, बॉल स्वतःच्या आठ यार्डांच्या रेषेवर. म्हणजे ९२ यार्ड पुढे जायचं. क्वार्टरबॅक जो मोन्टॅना छोट्या छोट्या फेकींनी संघाला पुढे नेत होता. मध्येच दंड झाला, दहा यार्ड मागे गेले, आता वीस यार्ड हवे होते. तिथे राइसनं मध्यात झेल घेतला आणि तीन जणांमधून वाट काढत २७ यार्ड मिळवले. पुढची छोटी चाल झाली आणि एन्ड झोन दहा यार्डांवर आला.

शेवटच्या फेकीच्या वेळी बेंगॉल्सच्या मनात साहजिकच राइस होता. त्या दिवशी त्यानं ११ झेलांत २१५ यार्ड मिळवले होते. बॉल गेला जॉन टेलरकडे. दुसऱ्या बाजूचा रिसीव्हर. सगळ्या सामन्यात टेलरच्या नावावर तोवर एकही झेल नव्हता. तो पहिल्या मिनिटापासून बाबांच्या त्या कडेच्या पोरासारखा पळत होता, अडवणाऱ्यांना ओढून नेत होता, परत येऊन रांगेत उभा राहत होता. ३४ सेकंद उरले असताना त्याचा पहिला आणि शेवटचा झेल झाला, दहा यार्डांचा, आणि २०-१६ नं सामना संपला. सर्वोत्तम खेळाडूचा मान राइसला मिळाला. टेलर मोकळा सापडला तो राइसच्या धाकानं, आणि राइसला दिवसभर जागा मिळाली त्यात टेलरच्या पळण्याचा वाटा होता. रुसत कसा नाही, याचं उत्तर मी बाबांना या सामन्याचं जुनं चित्रण दाखवून दिलं.

पुढची बरीच वर्षं भराभर सांगता येतील. आणखी दोन सुपर बोल विजय, जानेवारी १९९० आणि जानेवारी १९९५ मध्ये, दोन्हींत त्याचे तीन-तीन टचडाउन. मध्येच क्वार्टरबॅक बदलला. मोन्टॅनाच्या कोपराला दुखापत झाली आणि स्टीव्ह यंग आला, तो डावखुरा. डावखुऱ्याच्या हातून निघालेला बॉल उलट्या दिशेनं फिरत येतो. सहा वर्षं ज्या गिरकीची बोटांना सवय झाली ती एकदम पालटली. कित्येक रिसीव्हर क्वार्टरबॅक बदलला की हरवतात. यंगच्या फेकींवर राइसनं ८५ टचडाउन केले, मोन्टॅनाच्या फेकींवर ५५. सप्टेंबर १९९४ मध्ये त्यानं जिम ब्राउन या आधीच्या पिढीतल्या खेळाडूचा १२६ टचडाउनचा जुना विक्रम मोडला, आणि १९९५ मध्ये एका हंगामात १,८४८ यार्ड केले. तो आकडा २०१२ पर्यंत टिकला.

पण ही सरळ चढती रेषा बघून रिसीव्हरचं आयुष्य असंच असतं असं समजू नका. एनएफएलमधली सरासरी कारकीर्द तीन-साडेतीन वर्षांच्या आसपास संपते. करारावर कोट्यवधींचा आकडा छापलेला असला तरी बहुतेक करारांत सगळी रक्कम पक्की नसते. संघानं काढून टाकलं तर उरलेली वर्षं कागदावरच राहतात. ग्रीन बे पॅकर्सचा स्टर्लिंग शार्प राइसच्याच काळातला, त्याच्या तोडीचा. सात हंगामांत एकही सामना चुकला नाही, १९९४ मध्ये १८ टचडाउन, आणि त्याच हंगामाच्या शेवटी मानेची दुखापत. पुन्हा मैदानावर आला नाही. १९९५ चा राइसचा विक्रम मोडणारा कॅल्विन जॉन्सन वयाच्या तिसाव्या वर्षी थकलेलं, दुखरं शरीर घेऊन स्वतःहून थांबला. वळताना पाय रोवायचा, त्या एका कृतीवर हा सगळा धंदा उभा आहे आणि तीच कृती गुडघे आणि घोटे खाते.

राइसचा गुडघा ३१ ऑगस्ट १९९७ ला गेला, हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, टॅम्पात. वॉरन सॅप नावाच्या धिप्पाड खेळाडूनं त्याला हेल्मेटच्या पुढच्या जाळीला धरून खाली ओढलं. गुडघ्यातला मुख्य स्नायुबंध तुटला. तोवर तो सलग १८९ सामने खेळला होता. अशा दुखापतीतून उठायला सहसा नऊ महिने ते वर्ष लागतं. राइस साडेतीन महिन्यांत, १५ डिसेंबरला उतरला. त्या रात्री मोन्टॅनाचा १६ नंबर कायमचा निवृत्त करण्याचा समारंभ होता. राइसनं एन्ड झोनमध्ये झेल घेतला, खाली आपटला आणि त्याच गुडघ्याची वाटी फुटली. त्या घाईचं कौतुक करणारे खूप आहेत. मी करत नाही. घरच्या कुणी असं केलं असतं तर आपण ओरडलोच असतो. पण १९९८ मध्ये परतून त्यानं ८२ झेल घेतले, हेही खरं.

मग वय. १७ डिसेंबर २००० ला सॅन फ्रान्सिस्कोत त्याचा आपल्या मैदानावरचा शेवटचा सामना होता, सगळं स्टेडियम त्याच्यासाठी आलेलं. त्या दिवशी त्याच्याच संघातल्या तरुण टेरेल ओवेन्सनं २० झेल घेतले, एका सामन्यात तोवरचे सर्वाधिक. संघाला पगाराची मर्यादा पाळायची होती, ओवेन्स हाताशी होता, आणि राइस खाडी ओलांडून ओकलंड रेडर्सकडे गेला. लोक म्हणाले आता संपला. २००२ च्या हंगामात तो चाळीस वर्षांचा झाला आणि त्यानं ९२ झेल, १,२११ यार्ड केले, रेडर्सबरोबर आणखी एक सुपर बोल खेळला, तो हरला. वेग तोवर नक्कीच उतरला होता. पण पाय रोवून कोनात वळणं, समोरच्याची कंबर वाचणं आणि फट दिसली की थांबणं, हे वेगाइतकं लवकर जात नाही.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. २०१५ मध्ये राइसनं स्वतः सांगितलं की तो हातमोज्यांना चिकट फवारा लावायचा. एनएफएलनं १९८१ पासून त्यावर बंदी घातलेली आहे. नंतर त्यानं माफी मागितली आणि सगळेच लावायचे असंही म्हणाला. मला याचं वाईट वाटलं. चिकट फवाऱ्यानं रूट नीट धावता येत नाही, त्यामुळे या लेखात सांगितलेलं बहुतेक सगळं तसंच उभं राहतं. पण विटांच्या गोष्टीला त्या दिवशी एक डाग लागला.

२००४ मध्ये सियाटल, २००५ मध्ये डेन्व्हरचा सराव. तिथले प्रशिक्षक माइक शॅनहन, त्याच्या जुन्या संघातलेच. त्यांनी स्पष्ट सांगितलं की तू पहिल्या फळीत नसशील. राइस हंगाम सुरू व्हायच्या आधी थांबला. एकूण २२,८९५ यार्ड. मीटरमध्ये मोजले तर २०,९३५, म्हणजे अर्ध्या मॅरेथॉनपेक्षा दीडशे-एक मीटर कमी. वीस वर्षं, आणि हिशेबात धरलेलं अंतर एका सकाळी पळून होईल इतकं. दुसऱ्या क्रमांकावरचा लॅरी फिट्झजेराल्ड त्याच्या ५,४०३ यार्ड मागे आहे. बॉल न मिळता राइस किती पळाला, ते कुठल्याच वहीत नाही.

२०१० मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, त्याला घेतलं, तेव्हाच्या भाषणात तो म्हणाला की अपयशाच्या भीतीनं त्याला आयुष्यभर पळवलं, आणि एकच खंत राहिली की या सगळ्याचा आनंद घ्यायला तो कधी थांबला नाही. बाबांना हे भाषण दाखवलं तेव्हा ते काही बोलले नाहीत.

परतीच्या आधीच्या रविवारी पुन्हा मॅच लागली होती. बाबा खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसले होते आणि बॉलकडे बघतच नव्हते. पडद्याच्या अगदी कडेला एक पोरगा रेषेवर उभा होता, एक पाय पुढे. "बघ हं," ते म्हणाले, "हा आता आत वळणार." पोरगा तीन पावलं पळाला, खांदा आत झुकवला, पाय रोवला आणि बाहेर वळला. कॉर्नरबॅकही आतच गेला होता. बाबा मांडीवर थाप मारून "वा!" म्हणाले. बॉल तोवर पलीकडच्या बाजूला दुसऱ्याच कुणाच्या हातात होता.